दारं बसवणारा माणूस

ताम्हण अर्धं घासून झालं होतं. चिंच लावलेली बाजू सोन्यासारखी उजळली होती, दुसरी तशीच काळवंडलेली. समई, घंटी, पळी-पंचपात्र बाजूलाच पडलं होतं. गुरुवार म्हणजे दत्तगुरूंचा वार. एरवी विजयश्री उजाडायच्या आत ही भांडी लख्ख करून, पूजा आटोपून चिंचवडच्या बसला उभी असायची. आज मात्र तिचा हात सारखा थांबत होता. आतल्या खोलीत रविराज, तिचा नवरा, उठून बसला होता आणि तिने उशाशी ठेवलेले कागद वाचत होता.

पुनावळ्यात कौशल्याबाईंच्या घराचा वरचा मजला त्यांनी भाड्याने घेतलेला. तो चाकणला, गाड्यांच्या कंपनीत. लग्न होऊन ती लातूरकडून इथे आली तेव्हा फक्त बारावी झालेली. वर्तमानपत्रात लिहावं ही तिची लहानपणापासूनची हौस. वडिलांचं म्हणणं, बी.ए. कर, पुढे मास्तरीण होशील. मग दोन पदव्या एकाच वेळी घेता येतात असं कळलं आणि तिने दोन्ही धरल्या. एक मनासाठी, एक पोटासाठी. सोमवार ते शनिवार चिंचवडच्या कॉलेजात पत्रकारिता आणि रविवारी अभ्यासकेंद्रात बी.ए.चे तास.

"दोन दोन कालेजं?" कौशल्याबाई जिन्यात गाठून म्हणायच्या. "आमी जमिनी इकल्या, तू झोप इकाया काढलीस व्हय गं?"

विजयश्री हसून पुढे जायची. झोपेचं काही नव्हतं. पण दोन ठिकाणी नाव असून ती कुठलीच नव्हती. पत्रकारितेच्या वर्गातली मुलं तिला ताई म्हणत, आदराने जागा देत आणि चहाला तिच्याशिवाय जात. रविवारच्या वर्गात सगळे नोकरीवाले. तास सुटला की ज्याची त्याला घाई. घरी यावं तर कुलूप. कंपनीची सुट्टी गुरुवारी, कॉलेजची रविवारी, आणि तो रविवारही बी.ए.ने खाल्लेला. नवरा-बायकोचा संसार फोनवरच्या निरोपांवर चालला होता. डबा ओट्यावर आहे. सिलिंडर आलं. आज डबल शिफ्ट. देवापुढे दिवा लावताना ती हल्ली दिवसभरात काय झालं ते मोठ्याने सांगायची. ऐकायला दुसरं होतं कोण?

अशात पत्रकारितेच्या निशिगंधा मॅडमनी वर्गाला काम दिलं होतं, की ज्याचं नाव कधी छापून आलं नाही अशा माणसाचं शब्दचित्र लिहा. तिने नवऱ्यावर लिहिलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तो हाताने हवेत दाखवायचा, दार कसं उचलायचं, बिजागरी कशी जुळवायची, बंद होताना आवाज कसा यायला हवा. ते सगळं तिने जीव ओतून उतरवलं. मॅडम खूश झाल्या. "कॉलेजच्या पाक्षिकात पहिल्या पानावर घेऊ. फक्त ज्याच्यावर लिहिलंय त्याला आधी वाचायला दे. ही आपली रीत आहे." आज दुपारी लेख द्यायचा होता. तिचंही नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं.

रविराज कागद हातात घेऊन दारात आला.

"दारं?" तो म्हणाला.

"का? चांगलं नाही झालं?"

"चांगलंय. पण मी दारं बसवत नाही."

तिला वाटलं, थट्टा करतोय. "मग काय, हार ओवता?"

तो हसला नाही. "दारं मशीन बसवतं आता. मागच्या दिवाळीच्या आधीपासनं मी यार्डात आहे. तयार गाडी लाइनवरून निघाली की चालवत न्यायची, मैदानात रांगेत लावायची. चालत परत यायचं. दुसरी घ्यायची."

"आणि मला सांगितलं नाही?"

"कधी सांगू? गुरुवारी तू नसतेस, रविवारी मी." मग हळूच म्हणाला, "तू तरी कुठं विचारलंस?"

खरंच नव्हतं विचारलं. कुणीही विचारलं, मिस्टर काय करतात, की ती म्हणायची, कंपनीत आहेत. इथे एवढं उत्तर सगळ्यांना पुरतं. तिलाही पुरलं होतं.

"मी बदलते," ती म्हणाली. "यार्डाचं लिहिते."

"नको." त्याचा आवाज चढला. "गावाकडं दादासाहेब सगळ्यांना सांगत फिरतात, आमचा धाकटा पोरगा लाइनवर लीडर आहे म्हणून. छापलेलं फोनवर जाईलच की त्यांच्याकडं. दारंच राहू दे."

"अहो, खोटं कसं देऊ?"

"कालपर्यंत तुला कुठं खोटं वाटत होतं ते?"

कागद ओट्यावर ठेवून तो अंघोळीला गेला. विजयश्री तशीच बसली. नाव छापून यायला हवं होतं, फार हवं होतं. लेख तसाच दिला तर मॅडमना कळणारही नव्हतं. तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग चिंचेने काळ्या पडलेल्या हातानेच फोन लावला.

"मॅडम, लेख मागे घेते. माहिती चुकली."

"कुणी चुकीची दिली?"

"कुणी नाही. मी विचारलीच नव्हती."

मॅडम म्हणाल्या, "शनिवारी दुसरा माणूस आण. पहिलं पान मात्र गेलं गं."

"हो, मॅडम."

फोन ठेवल्यावर तिला एकदम रिकामं वाटलं. बस निघून गेली होती. रविराज केस पुसत बाहेर आला, तिला अजून घरातच पाहून थबकला.

"गेली नाहीस?"

"नाही. दिला नाही लेख."

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिनेच विचारलं, "यार्डात सोबत कोण असतं?"

"कोण असणार? गाडीत एकटाच. सीटला प्लास्टिक असतं, ते वाजत राहतं. नव्या गाडीचा वास आता डोक्यात जातो."

"आणि जेवायला?"

"जेवायला सगळे असतात. पण ते लाइनवाले." त्याने टॉवेल दोरीवर टाकला. "मी आपला कडेला बसतो."

विजयश्रीला चिंचवडच्या वर्गातला आपला बाक आठवला. तसं सांगावं असं तोंडावर आलं, पण तो आत जाऊन पुन्हा आडवा झाला होता. नैवेद्याला उठवते, एवढंच ती म्हणाली. त्याने मान हलवली असावी.

ती मोरीशी परतली. अर्धं ताम्हण वाट पाहत होतं आणि वाटीतली चिंच संपली होती. पदराला हात पुसून ती कौशल्याबाईंकडे चिंच मागायला खाली उतरली.