तीन टिंबं

गुरुवारी दुपारी तार ऑफिसात माझा हात थरथरला, आणि तो एका परक्या माणसानं पाहिला. एरवी हे मी कुणाला सांगितलं नसतं...

मी बारामतीला तारयंत्रावर बसते. ट्रेनिंगमध्ये माझा वेग वर्गात सगळ्यांत जास्त होता. इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात एका तारेत माझं एक अक्षर चुकलं आणि कुणाचे तरी पाहुणे स्टेशनवर ताटकळले. नुकसान एवढंच. पण तेव्हापासून यंत्र खडखडलं की आता कुठलं अक्षर चुकणार, हेच डोक्यात येतं.

आमचे तारमास्तर भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "मन घट्ट करा. आणि सारखं 'पुन्हा पाठवा' म्हणू नका. पुण्याच्या तार ऑफिसातली माणसं हसतात, बाईमाणूस बसवलंय म्हणतात."

मी ते तंतोतंत पाळलं. रोज सकाळी मनगटं थंड पाण्यात धरायची, चार आकडे मोजून श्वास घ्यायचा, चेहरा हलू द्यायचा नाही. आणि पुन्हा विचारायचं नाही. दोन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं... झोप मात्र उडाली होती.

गुरुवारी सकाळपासून वारा होता. असा वारा सुटला की खांबांवरच्या तारा एकमेकींना चाटून जातात आणि यंत्र मध्येच आपल्या मनानं टिंबं, म्हणजे आखूड ठोके, वाजवतं. सणसरचे एक आबा ऑफिस उघडल्यापासून काउंटरशी बसून होते. त्यांची लेक विमल पुण्याच्या दवाखान्यात बाळंतपणात अडली होती आणि जावई तार करणार होता. (नाव बदललं आहे. तारेतलं नाव बाहेर सांगायचं नसतं.)

"तारवाला सायकलवर सणसरला कवा यायचा? त्यापरीस मीच बसतो हितं."

"बसा, आबा."

"बसलोच हाय की."

तीनच्या सुमाराला यंत्र बोलू लागलं. पत्ता आबांचाच होता. मजकूर मराठी, पण अक्षरं इंग्रजी. तारेत तसंच चालतं. पहिला शब्द 'विमल'. मग तीन टिंबं, एक रेघ... पुढं ए, आर, एल, आय. तीन टिंबं आणि रेघ म्हणजे व्ही. हातानं ते कागदावर उतरवलंसुद्धा. वारली.

पाठोपाठ आलं, 'बाळ बरं आहे'.

आणि मग डोक्यात आलं, की ती तीन टिंबं वाऱ्याची असली तर? टिंबं काढली तर नुसती रेघ उरते. नुसती रेघ म्हणजे टी. मग शब्द होतो, तरली. बाळ तर दोन्हींत बरं असू शकत होतं.

आबा काउंटरवर वाकले होते. "लई बोलतंय तुमचं यंत्र. बरं असतं तर येका टिचकीत सांगून मोकळं झालं असतं." मग जरा थांबून म्हणाले, "मगाधरनं तुमच्या तोंडाकडं बघतोय बाई, पर काय बी कळंना."

चेहरा हलला नव्हता. तेवढं मला जमलं होतं. पण आबांना इंग्रजी अक्षरं वाचता येणार नव्हती. म्हणजे तो शब्द माझ्याच तोंडून त्यांना ऐकायला लागणार होता. आणि खरं सांगायचं तर पुन्हा विचारण्यापेक्षा तो म्हणून टाकणं मला त्या क्षणी सोपं वाटलं... तसं वाटल्याची भीती अजून गेलेली नाही.

मी कळ दाबली. 'पुन्हा पाठवा.'

शब्द पुन्हा आला. वाराही आला. या वेळी टिंबं दोन होती की तीन, तेही कळलं नाही. मी परत विचारलं. पुण्याहून ताडकन उत्तर आलं, 'घेता येत नसेल तर दुसऱ्याला बसवा.' शेजारच्या टेबलावरून तारमास्तरांनी मान वर केली. कान तापले.

मी एवढंच पाठवलं, 'सावकाश. एकेक अक्षर दोनदा.'

मग एक लांब रेघ. थांबून तशीच दुसरी. दोन्हींच्या आधी पूर्ण शांतता. टी, टी.

मी व्ही खोडला, वर टी लिहिला आणि वाचून दाखवलं. "विमल तरली. बाळ बरं आहे."

आबा हसले नाहीत, रडले नाहीत. म्हणाले, "परत वाचा."

मी वाचलं.

"व्हय, पर आजून येकदा. तरलीच म्हनलंय न्हवं?"

"तरलीच, आबा."

मग त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं खाडाखोडीवर. "आन् ह्ये काय खोडलंय?"

"माझं चुकलं होतं. मी पुन्हा विचारून घेतलं."

ते कागदाकडं बघत राहिले. कागद माझ्या हातात फडफडत होता, आणि ऑफिसातल्या खिडक्या तर बंद होत्या. "तुमचा बी हात कापतुया की," ते म्हणाले. "मला वाटलं, निस्ता माजाच."

पुण्याची गाडी धरायला ते लगबगीनं निघून गेले. तारमास्तरांनी पाण्याचं भांडं माझ्या टेबलावर सरकवलं.

त्या माणसानं एकच गोष्ट परत परत विचारली आणि त्याला एकदाही लाज वाटली नाही. मी दोन महिने मन घट्ट करत होते म्हणजे नक्की काय करत होते, याचा विचार करते आहे. थंड पाणी चालू आहे, श्वास मोजणंही चालू आहे. हात अजून थरथरतो. नियमांतला एक तेवढा मी काढून टाकला.

आबांचे आभार मानायचे राहिले, म्हणून हे लिहिलं. काल परत वारा होता. मी चार वेळा 'पुन्हा पाठवा' म्हटलं... पुण्याला हसले असतील. मला झोप लागली.