कोणाही इसमाच्या अंगास

सदर बाई, बांधा मजबूत, आवाज गरजेपेक्षा मोठा, व्यवसाय घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करणे. हिच्या हलगर्जीपणामुळे वृद्ध रुग्ण पडल्याची तक्रार आली असून, चौकशीचा निकाल लागेपर्यंत हिने कोणाही इसमाच्या अंगास हात लावू नये. कसूर झाल्यास परवाना कायमचा रद्द.

ही झाली पत्राची भाषा. गल्ली तिला नुसतं हवालदारीणबाई म्हणे. दरारा असा, की जिन्यात तिची चप्पल वाजली तरी निम्मे गुडघे आपणहून सरळ होत. आता रिकाम्या हातांना चैन पडेना, म्हणून तिने घरातल्या उशा तिंबायला घेतल्या होत्या.

तक्रार होती मास्तरीणबाईंची. त्यांचे यजमान, शाळेतले निवृत्त चित्रकला मास्तर, खुब्याच्या ऑपरेशननंतर तिच्या हाताखाली वॉकर धरून चालायला शिकत होते. एक दिवस मास्तरीणबाई बाजारातून परतल्या, तर मास्तर कपाटापाशी आडवे. "तिने हात सोडला नि मी पडलो," एवढंच बोलले. ती शपथेवर सांगत होती, की तेव्हा ती तिथे नव्हतीच. पण साक्षीदार एकच, आणि तो फिर्यादीचा नवरा.

चौकशीला परवाना खात्याचे साहेब आले. मास्तरांच्या खोलीत मास्तरांना पलंगावर बसवून, दोन्ही बायांना उभं करून त्यांनी भिंती पाहिल्या, कपाट पाहिलं, मग गालिच्याची कड तपासायला वाकले आणि तिथेच राहिले.

"काही सापडलं का हो?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"कंबर," साहेब जमिनीला म्हणाले. "धरली. अहो बाई, बघताय काय? करा काहीतरी!"

काम चुटकीसरशी होण्यासारखं होतं. तिची बोटं शिवशिवली. तिने हात पाठीमागे घट्ट बांधले.

"केलं असतं. पण कोणाही इसमाच्या, असं लिहिलंय. तुम्ही इसमच ना?"

"अहो, जीव चाललाय माझा!"

"खाली सही तुमचीच आहे, साहेब."

साहेब असे काही कण्हले, की मऊ मनाच्या मास्तरांना राहवेना. "अरे, टेकायला द्या त्यांना काहीतरी!" म्हणत ते उठले, तरातरा खोली ओलांडली आणि खुर्ची ओढून साहेबांपुढे ठेवली.

वॉकर खिडकीशी एकटाच उभा होता.

"अहो," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "हे कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. तू बाजारात गेलीस की."

"आणि मला पत्ता नाही?"

"तुला सांगितलं असतं, तर पिशवी माझ्या गळ्यात आली असती."

"मग पडलात कसे?"

"कपाटावरचा गोडाचा डबा... जरा उंच ठेवतेस तू."

"आणि म्हणालात, तिने हात सोडला!"

"सोडलाच होता. घरी गेली होती ती."

मास्तरीणबाईंचा चेहरा पडला. "चुकलं गं माझं, बाई. आता यांचं काय करू?"

"पिशवी द्या," ती म्हणाली. "मोठी."

"त्यांचं राहू द्या!" खालून आवाज आला. "माझं काय?"

"निकाल लागला की लगेच, साहेब."

निकाल असा: सदर बाईकडून कोणतीही कसूर घडल्याचे आढळून आले नाही, सबब हात लावण्यास असलेली मनाई तत्काळ उठवण्यात येत आहे. 'तत्काळ' या शब्दाखाली दोन रेघा आहेत.

सही साहेबांनी ओणव्यानेच केली.