ओवाळणीतलं जहाज

२ नोव्हेंबर २०२४, दिवाळीचा पाडवा. ओवाळून झाल्यावर रामकिसनराव ढवळ्यांनी बायकोच्या ताटात एकोणसत्तर हजार चारशे साठ रुपयांची पावती ठेवली. दरवर्षी तिथे एक नोट पडायची, फार तर दोन. ज्ञानेश्वरीबाईंनी घडी घातलेला कागद पाहिला आणि विचारलं, "लाइटबिल आत्ताच कामून आणलंत?"

"उघडून तरी बघ."

चष्मा सापडेपर्यंत निरांजन शांत झालं. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, मग नवऱ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघितलं. "म्हणजे हे? भिंतीवरचं?"

"तसलंच. पण खरं. मुंबईहून निघतं, दोन रात्री समुद्रात फिरवून परत मुंबईला आणतं. जानेवारीत आहे. बाल्कनीची खोली घेतलीय."

त्यांनी पावतीला हळदकुंकू लावलं आणि ती देवापुढे ठेवली.

ढवळ्यांच्या बोईसरच्या घरात जो कोणी पहिल्यांदा येतो तो त्या भिंतीबद्दल विचारतोच. रामकिसनराव परभणीकडचे. बी. कॉम. झाल्यावर १९९१ साली कामाच्या शोधात इकडे आले आणि कुंभवलीजवळच्या कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरच्या हिशोबाला लागले. त्या कारखान्यात माणसाच्या कानामागे बघितलं की तो कुठल्या प्लांटला आहे ते कळायचं. कुणाचे कान पिवळे, कुणाचे निळे. रामकिसनराव ऑफिसात बसत, तरी उन्हाळ्यात त्यांच्या उशीच्या अभ्र्यावर गुलाबी डाग पडायचे.

१९९८ मध्ये त्यांनी दोन खोल्यांचं हे घर घेतलं. बाहेरच्या खोलीची एक भिंत कोरी होती. एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या कॅलेंडरवर मोठं प्रवासी जहाज होतं, तीन मजल्यांचं, दिव्यांच्या माळा लावलेलं. ते भिंतीवर काढायचं त्यांनी ठरवलं. फूटपट्टी घेतली, गवंड्याचा दोरा घेतला आणि दोन रविवार खपून पेन्सिलीने जहाज उभं केलं. खिडक्या एका रांगेत, सारख्या मापाच्या. ज्ञानेश्वरीबाई म्हणाल्या, "जहाज आहे की तुमच्या कारखान्याचं बॉयलर हाऊस?"

"रंग दिला की कळेल."

चूक झाली ती रंगात. लॅबमधल्या मुदत संपलेल्या नमुन्यांची एक गुलाबी पुडी साहेबांना विचारून त्यांनी घरी आणली आणि चुन्यात कालवली. गावाकडे चुन्यात नीळ टाकून भिंती रंगवतात, तसंच हेही होईल असा त्यांचा हिशोब. पण तो कापडाचा रंग. पाण्यात विरघळायचं, धाग्यात शिरायचं, एवढंच त्याला ठाऊक. ऑगस्टमध्ये भिंतीला ओल आली आणि जहाज वाहू लागलं. खिडक्यांतून गुलाबी ओघळ निघाले, तळाशी पसरले. दिवाळीला रंगाऱ्याने वर पांढरा हात मारला. महिन्याभरात आधी धुरांडं दिसलं, मग खिडक्या, मग सगळं जहाज वर आलं. पुढे आणखी तीनदा तेच झालं. शेवटी रंगाऱ्यानेच हात जोडले. "काका, याला बुडवायचं आपल्या हातात नाय."

त्या दिवसापासून पाहुणे आले की रामकिसनराव चहाच्या आधी भिंतीची माफी मागत. "जरा रंगाची गडबड झालीय, दुर्लक्ष करा."

जहाजाचं वेड मात्र गेलं नाही. रविवारच्या पुरवणीतल्या सफरींच्या जाहिराती ते कापून ठेवत. कुठल्या जहाजावर पोहण्याचा तलाव कितव्या मजल्यावर, जेवणात पदार्थ किती, पांढरे हातमोजे घालून चहा कोण आणून देतं, सगळं पाठ. जेवणाच्या सुट्टीत फोर्कलिफ्ट चालवणारा दिपेश तामोरे डबा उघडता उघडता हाक मारायचा, "काय भाऊ, आज कंच्या बंदराला लागलं जहाज?" रामकिसनराव भाजीकडे बघत गंभीरपणे सांगायचे, "आज ग्रीस."

एवढं सगळं असून माणूस समुद्राच्या पाण्यात कधी गुडघ्याएवढाही उतरला नव्हता. भीती त्यांच्या अंगाला कारखान्याच्या रंगासारखीच चिकटली होती. कुलूप लावून फाटकापर्यंत जायचं आणि परत येऊन ओढून बघायचं. गॅसचं बटण बंद आहे हे ज्ञानेश्वरीबाईंच्या तोंडून ऐकायचं, मग स्वतः बघायचं. लिफ्ट दिसली की जिना शोधायचा. कारखान्यात मॉक ड्रिल होतं. सायरन वाजला की वाऱ्याची पिशवी कुठे फडकतेय ते बघायचं, वाऱ्याला आडवं चालायचं आणि ठरलेल्या असेंब्ली पॉइंटला जाऊन उभं राहायचं. इतर लोक ते गेटबाहेर पडल्यावर विसरत. रामकिसनराव लग्नाला गेले तरी हॉलची दोन्ही दारं बघून मगच अक्षता हातात घेत.

मग जहाजाची पावती त्यांनी फाडलीच कशी? तर त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या छातीत दुखलं. पालघरला नेलं, तारा लावल्या, कागद काढला. पित्त निघालं. पण निदान कळेपर्यंतच्या तासाभरात पलंगावर पडल्या पडल्या त्यांच्या मनात आलं की निवृत्तीला वर्ष राहिलं, आणि या बाईला आपण आजवर नुसतं भिंतीवरचं जहाज दाखवलं.

पावती फाडताना वाटलेलं धाडस दिवाळीचा फराळ संपेपर्यंत टिकलं. मग ते हिशोब करू लागले. समुद्रात वाऱ्याला आडवं चालायचं म्हणजे कुठे चालायचं? पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं: डिसेंबरच्या सतरा तारखेपर्यंत रद्द केल्यास निम्मी रक्कम परत. ते वाक्य त्यांना तोंडपाठ झालं. इकडे ज्ञानेश्वरीबाईंनी जन्मात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस शिवायला टाकला होता आणि अख्ख्या बिल्डिंगला सांगून झालं होतं.

शेवटी त्यांनी दिपेशलाच विचारलं. दिपेश नवापूरचा, त्याच्या घरची होडी आहे. "एकदा थोडं आत नेऊन आण मला. जमतंय का बघतो."

दिपेश हसला नाही, हे विशेष. "सुट्टीला या. सकाळी सातला. पोट हलकं ठेवा."

डिसेंबरातली सकाळ, थंडी बऱ्यापैकी. होडीत बसल्यावर रामकिसनरावांनी दोन्ही हातांनी काठ पकडला. दिपेश म्हणाला, "अवो, इतकं घट्ट धरू नका, होडी उचलाल."

"वारा कुठला आहे?"

"मतलई. जमिनीवरून येतो सकाळचा."

"म्हणजे कारखान्यांचा वास आपल्या मागे येणार."

"तुमी सुट्टी घेतलीय ना? त्याला पन घ्या म्हनावं."

किनारा लांब गेला, तशी होडी वरखाली होऊ लागली. रामकिसनरावांनी विचारलं, "इथे काही झालं तर असेंब्ली पॉइंट कुठला?"

"इथं? मीच हाय पॉइंट. मला धरायचं."

रामकिसनरावांनी त्याला धरलंच. मग त्यांना उलटी झाली, दोनदा. मधल्या वेळात मान वर करून त्यांनी किनाऱ्याकडे बघितलं. माडांच्या मागे चिमण्यांची रांग, त्यांचा धूर समुद्राकडे कललेला. तिथे आपण तेहतीस वर्षं रोज जातो, हे त्यांना इतक्या लांबून पहिल्यांदाच दिसलं. पण ते बघून बरं वाटण्याच्या अवस्थेत ते नव्हते.

वाळूवर उतरल्यावर त्यांनी डिझेलचे पैसे विचारले. तीनशे वीस झाले होते. पाकीट काढलं तर दिपेशने हात आडवा धरला. "आता नको. जाऊन या, मग द्या. नाय गेलात तर डबल घेईन."

जायचं नाही हे रामकिसनरावांनी रिक्षातच ठरवलं होतं. घरी ज्ञानेश्वरीबाई शिंप्याकडून आलेल्या ड्रेसला इस्त्री करत होत्या. हिरवा, काठाला बारीक बुट्टी. ते खुर्चीत बसले आणि कागद वाचावा तसं बोलले. "सतरा तारखेच्या आत रद्द केलं तर निम्मे पैसे परत मिळतात. आपण त्यात अक्कलकोट करू, गाणगापूर करू. जमिनीवरचं."

इस्त्री थांबली. "ओवाळणी परत मागताय?"

"परत नाही ग..."

"मग काय? आवं, पाडव्याच्या ताटात पडलेली वस्तू बाईची असते. कुणाच्या बापानं परत मागितलेली ऐकलीय का परभणीत?" त्यांनी इस्त्री उभी ठेवली. "पावतीवर माझं नाव आहे ना? मी जाते. तुम्ही खिचडी टाकून खा. तुमच्या जागी समोरची रुचिता यायला एका पायावर तयार आहे."

त्या पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज खाली आला होता.

"तुम्ही रोज कारखान्यात जाता. तिकडचा सायरन इथं ऐकू येतो. तो वाजला की मी हातातलं टाकून गॅलरीत येते, धूर कुठल्या बाजूला आहे ते बघते, तुमची बाजू नाही ना ते बघते. मग आत जाऊन भाकरी थापते. मला भीती वाटत नव्हती? पण म्हणाले का कधी, नका जाऊ म्हणून?"

या घरात भीती वाटणारे आपण एकटेच, असं रामकिसनराव इतकी वर्षं धरून चालले होते. आणि त्यांना सगळ्यात लाजवून गेलं ते हे, की त्यांनी बाईंना कुठल्या वाऱ्याला कुठे उभं राहायचं हेही कधी सांगितलं नव्हतं. त्या आपल्या आपण शिकल्या होत्या.

ते उठले, देवापुढची पावती काढली, तिच्यावरचं कुंकू न सांडता बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली. "ड्रेसच्या ओढणीला पिना घे," एवढंच म्हणाले. "डेकवर वारा असतो."

जानेवारीच्या सतराला ते जहाजापुढे उभे राहिले. ते इतकं मोठं होतं की जहाज वाटेचना. धक्क्यावर कुणी नवी बिल्डिंग बांधलीय असं वाटलं. लिफ्ट होती. रामकिसनराव जिन्याने सात मजले चढले आणि ज्ञानेश्वरीबाई लिफ्टने जाऊन वरच्या दारात त्यांची वाट बघत उभ्या राहिल्या.

खोलीत टेकतात तोच भोंगा वाजला. रामकिसनराव ताडकन उठले. सात छोटे, एक लांब. दारामागे कार्ड होतं आणि त्यावर, स्वच्छ, मोठ्या अक्षरात, त्यांच्या खोलीचा असेंब्ली पॉइंट लिहिलेला होता. शेजारी बाणांचा नकाशा. ते कार्ड त्यांनी असं वाचलं जसं कुणी गावाकडचं पत्र वाचावं.

"चल," ते म्हणाले. "ड्रिल आहे."

खाली दोनेकशे माणसं फोन वर करून फोटो काढत होती. गणवेशातला एक पोरगेला खलाशी जॅकेट कसं बांधायचं ते दाखवत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. रामकिसनरावांनी आधी बाईंचं जॅकेट बांधलं, मग स्वतःचं, पट्टा ओढून बघितला, एकदा आणि परत एकदा. खलाशी जवळ आला. "अंकल, पहले कभी क्रूझ किया है क्या?"

"नहीं. ड्रिल किया है. तैंतीस साल."

पोराने त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं. "सब लोग अंकल को देखिए." आणि रामकिसनराव ढवळे हात बाजूला धरून, नारिंगी जॅकेटात, पाठ ताठ करून उभे राहिले. ज्ञानेश्वरीबाईंनी पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडाशी धरली होती. त्या हसत होत्या. धक्का सरकू लागला तेव्हा आपण निघालो आहोत हे रामकिसनरावांच्या लक्षात आलं नाही, इतके ते कामात होते.

त्या दोन दिवसांत त्यांनी पांढऱ्या हातमोज्यातला चहा प्यायला. मळमळ एकदाच झाली, लिंबाने थांबली. पण परत आल्यावर ते सांगतात ती गोष्ट वेगळी. जेवणाच्या हॉलबाहेर मोठाली चित्रं लावलेली होती. एका चित्रात पांढऱ्यावर गुलाबी रंग वरून खाली ओघळलेला, दुसरं काही नाही. शेजारी किंमत, तीही लाखांत. ज्ञानेश्वरीबाई थांबल्या. "बघा, यांच्याही भिंतीला ओल आलीय."

रामकिसनराव मोठ्याने हसले, आणि मग तिथेच उभे राहिले. चित्रातलं त्यांना फारसं काही कळत नव्हतं. पण हे ओघळ कुणीतरी मुद्दाम सोडले होते, कुठे थांबायचं ते ठरवून. आपले आपोआप सुटले. तरी फूटपट्टीने काढलेलं ते बॉयलर हाऊस ओघळल्यानंतरच जहाज झालं होतं, पाण्यावर असल्यासारखं.

"इतकी वर्षं तुला ती भिंत खटकली नाही?"

"खटकली असती तर कॅलेंडर तिथंच नसतं लावलं?" बाई म्हणाल्या. "त्या भिंतीत मी कुणाला खिळा ठोकू दिला नाही. तुम्ही बघितलंच नाही."

त्यांनी खरंच बघितलं नव्हतं. कॅलेंडर, घड्याळ, देवाची तसबीर, सगळं इतर तीन भिंतींवर दाटीने होतं.

आता निवृत्तीच्या आधी बाहेरच्या खोलीला रंग द्यायचा आहे. रंगाऱ्याला त्यांनी तीन भिंतींचाच भाव विचारला आहे. पाहुण्यांना ते आता आधी चहा देतात. कुलूप अजून दोनदा ओढून बघतात; दुसऱ्यांदा ज्ञानेश्वरीबाई ओढतात, एवढाच फरक.

दिपेशचे डिझेलचे तीनशे वीस रुपये अजून द्यायचे आहेत.