डब्यातली गोळी

चादरीची घडी दोघींनी घालायची असते. एकीने घातली तर कडा जुळत नाहीत आणि वेळ दुप्पट जातो. इस्पितळाच्या धुलाईघरात मी बावीस वर्षं काम केलं. त्यातली अकरा वर्षं चादरीचं दुसरं टोक धरून माझ्यासमोर एकच बाई उभी होती. तिला सगळ्या शिट्टी म्हणायच्या, कारण तिच्या छातीतून शिट्टी वाजायची. नाव तिनेच सुरू केलं होतं. "कुकरच्या मोजता, माझ्याही मोजत जा," म्हणायची.

तिचं काम चोख होतं. हे मी कुणाबद्दलही सहज म्हणत नाही. पाट्या टाकणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या. शिट्टीची चादर उघडली की घडीच्या रेघा पट्टीने आखल्यासारख्या दिसायच्या. दमा असून ती जिन्याने यायची, वर आल्यावर दोन मिनिटं भिंतीला टेकायची आणि मग थेट टेबलाशी. मी अंगचोरांना बोलायची म्हणून ती मला फौजदार म्हणायची.

दुखण्याच्या गोळ्यांबाबत तिचा एक नियम होता. तरुणपणी दाढ दुखली म्हणून तिने दुकानातून एक गोळी आणून घेतली होती. अर्ध्या तासात नाक गळायला लागलं, तोंड लाल झालं आणि छाती बंद झाली. मरता मरता वाचली. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं की दमेकऱ्यांपैकी सगळ्यांना नाही, पण काहींना असल्या गोळ्या अजिबात चालत नाहीत, आणि तुम्ही त्यातल्या आहात. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, सगळी एकाच घरातली भावंडं. नाकात मांस वाढलेलं होतं तिच्या, म्हणून तर जास्तच जपायला सांगितलं होतं. साधी पॅरासिटामॉल चालेल, तीही ठरलेल्या मापात. शिट्टी स्वतःची स्ट्रिप दम्याच्या पंपाच्या पिशवीत ठेवायची आणि दुसऱ्या कुणाची गोळी घ्यायची नाही.

आमच्याकडे मात्र डबा होता. वॉर्डातून आलेले कपडे धुण्याआधी खिसे तपासावे लागायचे. रुग्णांच्या गाऊनमध्ये गोळ्या निघायच्या, बहुतेक वेळा कात्रीने कापलेल्या स्ट्रिपचे तुकडे. त्या ऑफिसात जमा करायच्या असा नियम होता. आम्ही त्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचो. कंबर धरली, मनगट सुजलं की डबा उघडायचा. इस्पितळाचं औषध म्हणजे चांगलंच असणार, असं आम्ही एकमेकींना सांगायचो.

त्या वर्षी तापाची साथ होती आणि वॉर्ड भरले होते. रोजच्या दुप्पट चादरी येत होत्या. शिट्टीचा उजवा खांदा धरला. इस्त्रीच्या रोलरमधून निघालेला गरम टॉवेल ती खांद्यावर टाकायची आणि काम चालू ठेवायची. त्या दुपारी तिचा हात वर जाईना.

"उचल की जरा," मी म्हणाले. "तुझा कोपरा जमिनीला लागतोय."

"उचलतेय गं. खांद्याच्या वर नाही जात."

"मग गोळी घे."

"माझी संपली काल. सुटल्यावर आणते."

"सुटेपर्यंत मी काय करू? डब्यात आहेत की ढीगभर."

"डब्यातली मी घेत नाही. तुला काय आज कळतंय का?"

"सगळ्या घेतात. मेलं का कुणी?"

"सगळ्यांच्या छातीत शिट्टी नाही ना, फौजदार."

तेवढ्यात सुपरवायझर बाई आल्या. त्यांनी ढिगाकडे पाहिलं आणि तिला न विचारता मला विचारलं, "हिला जमत नाहीये का? मग हिला घरी पाठवते. तुम्ही ओल्या खोलीत जा."

ओली खोली म्हणजे मशीनमधून ओला, शिशासारखा जड कपडा उपसून गाडीत भरायचा. जोडीदार नसली की तिथे पाठवायचे. माझं वय तेव्हा पन्नासच्या पुढे होतं आणि कंबर आधीच गेलेली. मी म्हणाले, "जमतंय बाई, जमतंय."

त्या वळल्या आणि मी डब्याकडे गेले. एक तुकडा सापडला, त्यात दोनच गोळ्या उरल्या होत्या. मागे चंदेरी कागदावर अक्षरं होती. जुळवून वाचली. पॅरासिटामॉल. मला बरं वाटलं. त्या अक्षरांच्या आधी कात्री फिरली होती, तिकडे मी पाहिलंच नाही.

"घे, तुझीच आहे. नाव लिहिलंय."

"नीट वाचलंस?"

"मला वाचता येतं."

तिने घड्यांचा गठ्ठा दोन्ही हातांत, हनुवटीला टेकवून धरला होता. तिने तोंड उघडलं. मी जिभेवर गोळी ठेवली आणि वरून पाणी पाजलं.

पुढच्या वीस-पंचवीस चादरी छान झाल्या. मग ती नाक पुसायला लागली. डोळे लाल झाले. कोपरा तिच्या हातातून सुटला. ती माझ्याकडे बघत राहिली. "कोणती होती गं?" म्हणाली. पंप मारला, परत मारला. शिट्टी वाजायची थांबली, आणि ते वाजण्यापेक्षा वाईट होतं. ओठ निळे पडले. आम्ही तिला कपड्यांच्या ढकलगाडीत बसवलं आणि अंगण ओलांडून तातडीच्या विभागात पळवत नेलं.

तासाभराने तिथला तरुण डॉक्टर बाहेर आला. त्याने तो तुकडा मागून घेतला, उलटा केला. "हे अर्धंच नाव आहे. ह्या गोळीत दोन औषधं असतात. आयबुप्रोफेन कापलेल्या बाजूला गेलं. पूर्ण नाव दिसत नाही ती गोळी दमेकऱ्याला द्यायचीच नसते. विचारायचं असतं." मग त्याने विचारलं, "ही आली कुठून?"

सुपरवायझर बाई शेजारीच उभ्या होत्या. मी म्हणाले, "तिने डब्यातली घेतली." यात एक शब्द खोटा नव्हता.

ती वाचली. तीन दिवस वॉर्डात होती. चौथ्या दिवशी तिला काढल्याचा कागद मिळाला. कारण दोन. सापडलेलं औषध जमा न करता घेतलं आणि दम्याचा आजार लपवला. अकरा वर्षं जिला हाक मारतानाच दमा आठवायचा, तिने आजार लपवला! आम्ही वीसजणी होतो. वीसच्या वीस मूग गिळून बसलो. मला ओल्या खोलीत जावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी नवीन जोडीदार मिळाली.

रविवारी मी शिट्टीच्या घरी गेले. लेकीने दार उघडलं. खिडकीपाशी बसून ती डाव्या हाताने शर्टांना बटणं लावत होती.

"ये फौजदार."

"बरी आहेस?"

"श्वास आहे. काम नाही." तिने दोरा दाताने तोडला. "मी बघायला हवं होतं. कापलेली स्ट्रिप मी हातात धरत नाही. तू दिलीस म्हणून बघितली नाही."

"चुकलं माझं."

"चुकलं. माणूस चुकतं, त्याचं मला काही नाही." ती श्वासासाठी थांबली. "तिथे सांगितलंस का, गोळी तू भरवलीस म्हणून?"

मी खाली पडलेलं एक बटण उचलून तिच्यापुढे ठेवलं.

"सांगितलंस तर निदान चोरी तरी निघेल माझ्या कागदावरून. दुसरीकडे काम मागायला तोंड राहील. उद्या सांगशील?"

"मग मलाही काढतील गं."

"हो," ती म्हणाली. "काढतील."

तिने पुढचं बटण उचललं. मग माझ्याकडे न बघता लेकीला हाक मारली. "मावशी निघाल्यात. दार लावून घे."

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर कामावर गेले. आणि सांगितलं नाही.