"ब्रूनो कसा शे?"

काल नाना गेले. त्यांच्या लेखी माझा ब्रूनो अजून जिवंत होता.

निदान मला तसं वाटत होतं.

नाना म्हणजे पप्पांचे काका. दोंडाईचाला एकटेच राहायचे. रेल्वेत पॉइंट्समन होते. आयुष्यभर गाड्यांना झेंड्या दाखवल्या आणि रिटायर झाल्यावर स्टेशनजवळच दोन खोल्या घेतल्या.

ब्रूनो म्हणजे माझा कुत्रा. आमच्या जळगावच्या गल्लीतलंच गावठी पिल्लू. पण मी इंग्लिश मीडियमची, म्हणून नाव ब्रूनो.

एक्क्याण्णव साल. मी सातवीत. शाळेच्या लायब्ररीत डॉग ट्रेनिंगचं एक पुस्तक सापडलं आणि मी वेडीच झाले. सिट. डाऊन. कम. स्टे. रोज संध्याकाळी, खिशात बिस्किटांचा चुरा घेऊन.

त्यातला एक रूल मी फार सिरियसली घेतला होता. "स्टे" म्हटलं की कुत्र्याने हलायचं नाही. आपण "ओके" म्हणेपर्यंत. मध्ये कोणी मटणाचं हाडूक दाखवलं तरी नाही.

ब्रूनोला हे इतकं पक्कं जमायचं की मी गल्लीतल्या लोकांना बोलावून शो करायचे.

मग पप्पांची कोल्हापूरला बदली झाली. घर दुसऱ्या मजल्यावर. घरमालक म्हणाले, कुत्रा चालणार नाही.

"नानांकडे ठेवू," पप्पा म्हणाले. "त्यांनाही सोबत."

जीपने सोडायला गेलो. निघताना तो मागे धावेल म्हणून मी त्याला गेटपाशी बसवलं, पंजा दाखवतात तसा हात दाखवला आणि म्हणाले, "स्टे."

नाही धावला. मला काय प्राऊड वाटलं!

"ओके" म्हणायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावात आमची बांधाबांध चालली होती. समोरच्या किराणा दुकानात नानांचा फोन आला. मी पळत गेले.

"काय करी गयी व माय तू? कालपासून गेटपाशी बठेल शे. पानी पेत नही, घरात येत नही. मी बी तठेच खाट टाकी."

मी दुकानातच रडायला लागले. "नाना, मी त्याला स्टे सांगितलं होतं. ओके म्हणायला विसरले. ओके म्हटल्याशिवाय तो उठत नाही."



"म्हंजे लाल झेंडी दखाडीसन निघी गयी? मंग गाडी कशी हाली? त्यानी काय चूक शे?"

आमच्या घरात कोणालाच न कळलेलं माझं ट्रेनिंग नानांना एका मिनिटात कळलं.

"तुम्ही ओके म्हणा नाना. जोरात. हॅपी आवाजात."

"हॅपी म्हंजे कसं?"

"खूश होऊन!"

"बरं. खूश व्हयीसन म्हनस."

अर्ध्या तासाने परत फोन. तीनच शब्द.

"उठना. पानी पिना."

पुढच्या मे महिन्यात पप्पांना तळमजल्यावर क्वार्टर मिळालं. अंगणासकट. मी ब्रूनोला न्यायला आले. नवा पट्टा, नवी चेन. ट्रेनमध्ये गार्डच्या डब्यातून कुत्रा कसा न्यायचा, तेसुद्धा सगळं विचारून ठेवलेलं.

ब्रूनो आता अहिराणीत ऐकत होता. नाना "आठे ये रे" म्हणाले की यायचा. नानांच्या खाटेखाली त्याचं गोणपाट होतं. सकाळी नाना ताकात भाकरी कुस्करायचे. आधी त्याला, मग स्वतःला.

"नाना, नेऊ ना?"

"लई जा. तुनाच शे तो."

त्यांनी गोणपाट झटकलं, घडी घातली, माझ्या पिशवीत ठेवायला लागले.

"नको नाना. मी त्याला बेड घेतलाय."

त्यांनी ते परत खाटेखाली सारलं.

मी बघितलं ते. पण मी तेरा वर्षांची होते आणि मला माझा कुत्रा परत मिळत होता.

नाना गेटपर्यंत आले. मी म्हणाले, "थांबा हं नाना, दिवाळीत आणते त्याला तुम्हाला भेटायला."

नाहीच आणलं. क्लास, परीक्षा, दहावी.

ब्रूनो दोन वर्षांनी गेला. गोचीड तापाने, चार दिवसांत.

त्याच आठवड्यात नानांचा फोन. हॅलोच्या आधी, "ब्रूनो कसा शे?"

आवाज इतका खुशीत होता. मी म्हणाले, "मजेत, नाना."

झालं. नंतर ते खोटं मागे घेताच येईना.

मग कॉलेज, नोकरी, लग्न. वर्षातून तीन-चार फोन. प्रत्येक वेळी तेच. "ब्रूनो कसा शे?" "मजेत."

गेल्या महिन्यातसुद्धा. "मजेत आहे नाना. जरा हळू चालतो आता."

वीस वर्षांच्या वरचा कुत्रा! आणि मला वाटत होतं, नानांना कळत नाही.

आज दोंडाईचाला आले. शेजारच्या अक्का दारातच भेटल्या. नानांना रोज वाटीभर भाजी त्याच द्यायच्या. मला राहवलं नाही. म्हणाले, "अक्का, मी नानांशी खोटं बोलत आले. माझा कुत्रा कधीचाच गेलाय."

"त्यासले माहित व्हतं व माय."

"मग विचारायचे कशाला?"

"मी बी तेच इचारं. ते म्हने, कुत्रानं इचारं नही तर पोर मन्हासंगे दुसरं काय बोली? फोन ठेवी दी."

अक्का आत गेल्या. मी नानांच्या खोलीत शिरले.

खाटेखाली गोणपाट आहे. घडी घातलेलं.

दुपारी नानांना नेलं. गेटपाशी सगळे काही ना काही म्हणत होते, हात जोडत होते. मला एकच शब्द म्हणायचा होता. तो खूश होऊन म्हणायचा असतो. तेवढं नाही जमलं.

खूप थांबलात. निघा आता.

ओके, नाना.