शब्दांच्या नोंदी

महाळुंग्याच्या एका कारखान्यासाठी मी तपासणीचा प्रोग्राम लिहिला, तेव्हा मारुंजीच्या भाड्याच्या खोलीत सगळं सोपं वाटलं होतं. तपासणीच्या प्रत्येक जागेसाठी एकच साचा: जागा कुठलीही असो, तिने आपली नोंद द्यायची. नोंदीचा प्रकार ज्याचा त्याचा. व्यास मोजणारं यंत्र आकडा देणार, नजरेने तपासणाऱ्या ताई बटण दाबून शब्द देणार: 'चरा', 'डाग', 'ठीक'. याला आमच्यात जेनेरिक इंटरफेस म्हणतात. तो लिहून मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

घोडं अडलं अहवालासाठी सगळ्या नोंदी एकत्र करणाऱ्या यादीपाशी. आकड्यांची जागा आणि शब्दांची जागा, कम्पायलरच्या, म्हणजे आमचा कोड यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामच्या, लेखी यांचं एकमेकांशी काही नातं नाही. एका यादीत तो त्यांना बसू देईना. यावर उपाय आहे. प्रकाराचं बंधन नसलेला आणखी एक साधा इंटरफेस वर ठेवायचा, 'तुझी नोंद मजकुरात दे' एवढंच विचारणारा. अर्ध्या दिवसाचं काम. पण शुक्रवारी अहवाल दाखवायचा होता, म्हणून मी फक्त आकड्यांची यादी केली. शब्दांचं पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं आणि चक्क विसरलो.

तीन आठवड्यांनी कारखान्यात गेलो, तर शिफ्ट बदलताना सगळे फळ्यासमोर उभे होते. कुणी किती पार्ट तपासले, हा माझा अहवाल तिथे रोज लागतो. नजरेने तपासणाऱ्या ताईंच्या नावापुढे रोज शून्य. ताई बीडकडच्या, ठेक्यावरच्या.

"ठेका संपतोय तुमचा," सुपरवायझर म्हणाले. "पुढच्या यादीत तुमचं नाव देणार नाही मी."

"रोज तपासायलेय की साहेब. बटनबी दाबायलेय."

"मग कॉम्प्युटर खोटं बोलतोय का?"

शब्दांच्या नोंदी राहिल्याचं मला तिथेच आठवलं. गप्प बसायचा मोह झाला, हेही खरं. "कॉम्प्युटर नाही, मी चुकलोय," मी म्हणालो. "ताईंच्या नोंदी आत आहेत, मीच त्या दाखवल्या नाहीत."

तिथल्याच टेबलावर लॅपटॉप उघडला. तीन आठवडे टाळलेलं काम जेवणाच्या सुट्टीपर्यंत झालं. यादी आली. ताईंच्या नोंदी पानांमागून पानं. सुपरवायझरनी त्या पाहिल्या, "बरं, देतो नाव" म्हणाले आणि निघून गेले.

मी मात्र यादीकडे बघत बसलो. शेवटच्या आठवड्यात ताईंचा प्रत्येक पार्ट दोनदा आला होता. आता हा कुठला नवा घोळ केला मी, म्हणून कोड वरून खाली वाचू लागलो. ताई शेजारीच उभ्या होत्या.

"ते बरोबर हाय, दादा," त्या म्हणाल्या. "रोज शून्य यायलं. म्हटलं माझंच काही चुकत असंल. म्हणून एकेक पार्ट दोनदा तपासला."