सुकटीच्या डब्यातले तोडे

दंतमंजनाचा वास आला की मला लॉकडाऊनमधली ती दुपार आठवते. होड्या वाळूवर ओढलेल्या, मासळीबाजार बंद आणि समोर समुद्र डुलकी लागल्यासारखा. दर हंगामात मासळी विकून घेतलेले चांदीचे तोडे आईने सुकटीच्या डब्यातून काढले, तर सगळे काळेठिक्कर. “सोनारानी फसवला आपल्याला,” म्हणत बाबा एकेक तोडा उलटसुलट करून बघू लागले. आई हसली. चिमूटभर मंजन घेऊन ती एक तोडा अंगठ्याने सावकाश घासत राहिली, आणि काळ्यातून चंद्रकोरीएवढा उजेड वर आला. “चांदी काली परली, पन कमी न्हाय झाली,” ती म्हणाली. एकेक तोडा मोडत आम्ही ते वर्ष काढलं. उरलेला एक तोडा आता माझ्याकडे आहे, पुन्हा काळा पडलेला. मी घासत नाही; कधीतरी डोळे मिटून हातात धरते. वजन तेवढंच आहे.